वीडपॅचची शाळा



१९२९ साली अमेरिकेत शेअर बाजार कोसळून जगात मंदी आली, एवढे पुस्तकात असते. इतिहासाच्या तासाला आम्ही त्यापुढचे सांगतो.

शेतमालाचे भाव पडले. त्यातच ओक्लाहोमा, टेक्सास, कॅन्सस भागांत दुष्काळ पडला. गव्हासाठी गवताळ जमीन नांगरून टाकलेली, म्हणून मातीच उडू लागली. १४ एप्रिल १९३५ रोजी धुळीने भरदिवसा काळोख झाला. लाखो माणसांनी घरे सोडली. पुष्कळ कुटुंबे मोटारींवर गाद्या-भांडी बांधून कॅलिफोर्नियात कापूस वेचायला, वाटाणे तोडायला गेली. हात जास्त, काम थोडे, मजुरी घसरली. (माळव्यातल्या शेतकऱ्याला हे गणित समजावून सांगावे लागत नाही.)

तिथले लोक त्यांना ‘ओकी’ म्हणून हिणवत. त्यांची अनवाणी मुले शाळेत आली तर मागे जमिनीवर बसवत.

आर्विन गावाजवळ या मजुरांची सरकारी छावणी होती, वीडपॅच. त्या कर्न परगण्याचे शिक्षणप्रमुख लिओ हार्ट छावणीत जाऊन मुलांशी बोलत. नेहमीच्या शाळा मुलांना घेईनात, तेव्हा १९४० साली त्यांनी छावणीशेजारीच शाळा काढली. मुले सुमारे ५०, शिक्षक ८, इमारत नाही. सर्वांनी मिळून वर्ग बांधले, नळ जोडले, भाजी लावली, पोहण्याचा तलावसुद्धा खणला. शिकण्यासाठी एक जुने विमानही आणले! मग गावातल्या मुलांनाही तीच शाळा हवीशी झाली.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. मुले शिकली, पण वेगळी बसून.

आपल्या शाळेमागच्या शेतांवर दरवर्षी बटाटे काढायला झाबुआकडचे मजूर उतरतात. त्यांची मुले प्रार्थनेच्या वेळी कुंपणाशी उभी राहतात. हंगामापुरते त्यांना आपल्याच वर्गांत, आपल्याच बाकांवर बसवावे, दाखला मागाहून घ्यावा, असा प्रस्ताव आम्ही मंडळापुढे ठेवला आहे. ती भिली बोलतात, मराठी शाळेत त्यांचे काय होणार, असे काही पालक म्हणाले. आम्ही स्वतः पदवीपर्यंत हिंदीत शिकलो. जोडाक्षरे अजून अडतात, तरी या शाळेने आम्हाला मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसवलेच ना!

बैठक येत्या शनिवारी आहे. पालकांनी आपले मत त्याआधी लेखी द्यावे. विरोधाचे असले तरी चालेल.