दुधाचं नातं

बत्तीस आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ जमत नाही. नळीतून थेंब थेंब दूध द्यावं लागतं. आईचं अपुरं पडलं तर दुसऱ्या आईचं. पावडरच्या दुधापेक्षा त्याने कच्च्या आतड्यांना धोका कमी असतो. वजन वाढावं म्हणून त्यात प्रथिनं, कॅल्शियम मिसळतात.

भाचीच्या बाळासाठी डॉक्टरांनी मिल्क बँक सुचवली, तेव्हा आमच्या आपा म्हणाल्या, "याचे दूधभाऊ, दूधबहिणी कोण, कसं कळणार?"

शंका रास्त होती. 1985 साली जिद्द्याच्या फिक्ह अकादमीने अशा बँकांना मनाई केली. युसूफ अल-करजावींनी मुभा दिली होती. उलेमांत मतभेद आहेत, बाळाकडे मात्र वेळ नसतो. म्हणून हा मसला काचेच्या पेटीसमोर सोडवायला ठेवू नका. गरोदरपणातच मौलाना आणि डॉक्टर, दोघांना विचारा. दूध देणारीचं नाव नोंदवून मिळेल का, हेही विचारा.