डब्याची सहरी

रमजानमध्ये रात्री तीनच्या सुमाराला आमच्या मोहल्ल्यात पोरं निघतात. वाद्यं म्हणाल तर गोडेतेलाचा १५ किलोचा रिकामा डबा, जर्मनचं ताट, दोन चमचे आणि खिळे घातलेली बाटली. डब्याच्या पोटावर थाप पडली की तो घुमतो, काठावर काडी मारली की खणखणतो.

शब्द आधी ठरलेले नसतात. दारागणिक नवी ओळ. बेकरीवाल्या चाचांकडे, “चाचा, पाव बाद में, पहले सहरी!” वर्गात आम्ही शिकवलेली चार ओळींची नज्म यांच्या तोंडी बसत नाही; इथे मात्र वजन कुठे ढळत नाही.

घरोघरी मोबाईल असताना हा गोंगाट कशाला, असे आमची शिकलेली मंडळी विचारतात. ध्वनिक्षेपकाला २००० सालच्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ मनाई आहे, मग डब्याला मुभा का? प्रश्न रास्त आहे. पलीकडच्या गल्लीत सगळेच रोजेदार नाहीत. २०२५ साली रमजान मार्चमध्ये, ऐन दहावीच्या परीक्षेत आला. तेव्हा पोरांनी आपसांत ठरवलं, परीक्षेचं मूल असलेल्या घरापाशी डबा काखेत आणि दारावर बोटांनी दोनदा टकटक. आम्ही सांगितलं नव्हतं, मौलवीसाहेबांनीही नाही. (दफ जायज की नाजायज, यावर वाद ऐकलेत; डब्यावर फतवा अजून ऐकला नाही.)

हल्ली दुकानात प्लास्टिकचे डबे वाढलेत. ते नुसते धपधपतात. पोरं पत्र्याच्या डब्यासाठी किराणावाल्याला शाबानमध्येच सांगून ठेवतात.