पुस्तक मिटल्यावर सुरू होते ती उजळणी

दिवाळीची सुट्टी संपली की दहावीच्या मुलामुलींना परीक्षेचे वेध लागतात. बोर्डाची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे हाताशी मोजकेच महिने. या दिवसांत पालकांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. "बाई, तो रोज वाचत बसतो, धडे तीन-तीनदा झालेत, तरी पेपरात काही आठवत नाही." शाळेत रसायनशास्त्र शिकवताना माझं एक मत पक्कं झालं आहे. ही मुलं आळशी नसतात. ती मनापासून वाचतात, पण त्या वाचण्यालाच उजळणी समजतात.

धडा तिसऱ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि 'हे मला येतं' असा भरवसा वाटू लागतो. परीक्षेत मात्र समोर कोरा कागद असतो. तिथे ओळखून भागत नाही, आठवावं लागतं. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेले प्रयोग याबाबत बोलके आहेत. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. बोर्डाची परीक्षा पाच मिनिटांनी नसते, हे लक्षात घेतलं की कोणती पद्धत धरायची ते वेगळं सांगावं लागत नाही.

रसायनशास्त्राची आणखी एक अडचण आहे. ग्लासगो विद्यापीठातील रसायनशास्त्राचे शिक्षक अ‍ॅलेक्स जॉनस्टन यांनी ती नेमकी मांडली. हा विषय एकाच वेळी तीन पातळ्यांवर चालतो : डोळ्यांना काय दिसतं, अणुरेणूंच्या पातळीवर काय घडतं आणि कागदावर ते कसं लिहायचं. दिवाळीत आपण पूजेची तांब्याची भांडी चिंचेने घासतो. हिरवट थर जाऊन तांबं झळकतं, हे दिसतं. हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यामुळे तांब्यावर कॉपर कार्बोनेटचा थर चढलेला असतो आणि चिंचेतल्या आम्लाशी अभिक्रिया होऊन तो विरघळतो, हे घडतं. याचं उत्तर 'शास्त्रीय कारणे लिहा' या प्रश्नात विचारलं की अनेक मुलं 'चिंचेने भांडी स्वच्छ होतात' एवढंच लिहितात. पहिल्या पातळीवरून ती खाली उतरलेलीच नसतात. म्हणून उजळणी करताना प्रत्येक अभिक्रियेला तीन प्रश्न विचारावेत : काय दिसेल? का घडेल? समीकरण काय?

समीकरणांची चूक तर बहुतेकांची एकाच ठिकाणी होते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांपासून पाणी तयार होण्याचं साधं समीकरण घ्या. डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू, उजवीकडे एक. मूल पटकन पाण्याच्या रेणुसूत्रात ऑक्सिजनच्या पायाशी 2 लिहून मोकळं होतं. हिशेब जुळला, पण एच-टू-ओचं एच-टू-ओ-टू झालं, म्हणजे पाण्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड! सूत्राला हात न लावता पाण्याच्या आधी 2 आणि मग हायड्रोजनच्या आधी 2 लिहायचा. दोन्ही बाजूंना हायड्रोजनचे चार, ऑक्सिजनचे दोन अणू होतात आणि समीकरण संतुलित होतं. सूत्रातला अंक संयुजेने ठरवलेला असतो, तो आपल्याला बदलता येत नाही. ज्याला संयुजा पाठ नाहीत त्याला समीकरणं येणार नाहीत. म्हणून उजळणीची सुरुवात तिथून करावी : सोडिअम, नायट्रेट, अमोनिअम एक, कॅल्शिअम, सल्फेट, कार्बोनेट दोन, ॲल्युमिनिअम तीन. एवढं पाठांतर अटळ आहे.

बाकीचं मात्र साखळीने आठवावं. विज्ञान भाग 1 मध्ये रसायनशास्त्राचे धडे चार : मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया व समीकरणे, धातुविज्ञान आणि कार्बनी संयुगे. मुलं ते चार वेगळ्या कप्प्यांत ठेवतात. कोऱ्या कागदावर 'ॲल्युमिनिअमचे निष्कर्षण' एवढंच लिहा आणि स्वतःला 'का' विचारत जा. बॉक्साइटवर सोडिअम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया का? ॲल्युमिनिअम ऑक्साइड उभयधर्मी आहे, त्यामुळे ते आम्लारीत विरघळतं. लोहाचं ऑक्साइड विरघळत नाही, ते गाळून वेगळं होतं. मिळालेल्या ॲल्युमिनाचं क्षपण कार्बनने का करत नाहीत? ॲल्युमिनिअम अभिक्रियाशीलता श्रेणीत वर आहे, त्याची ऑक्सिजनवरची पकड कार्बनला सुटत नाही, म्हणून विद्युत अपघटन. क्रायोलाइट कशाला? ॲल्युमिना वितळायला 2000 अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं, क्रायोलाइटमुळे काम सुमारे 1000 अंशांवर होतं. धनाग्र वारंवार का बदलतात? तिथे मुक्त झालेला ऑक्सिजन कार्बनच्या धनाग्राशीच संयोग पावून कार्बन डायऑक्साइड होतो आणि धनाग्र झिजतं. चार उत्तरांत तीन धड्यांची उजळणी झाली. जिथे अडलात तेवढाच परिच्छेद पुस्तकात पाहा, पुन्हा पुस्तक मिटा, पुन्हा लिहा.

हेच एका दिवसात चार वेळा करण्यात अर्थ नाही. आज लिहिलेलं तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी पुन्हा लिहा. मधल्या काळात थोडं विसरायला होईल. ते शोधून काढताना जो ताण पडतो त्यानेच स्मरण पक्कं होतं. जानेवारीपासून जुन्या प्रश्नपत्रिका घ्या. पेपर 40 गुणांचा आणि दोन तासांचा, तेव्हा घड्याळ लावून, सलग बसून सोडवा. तपासताना गुण मोजून थांबू नका. चुकीच्या प्रत्येक उत्तरापुढे कारण लिहा : माहिती नव्हती, संयुजा चुकली, की प्रश्नच नीट वाचला नाही? या तिन्हींवरचे उपाय निराळे आहेत.

पालकांना माझी एक कळकळीची विनंती आहे. तुम्हाला रसायनशास्त्र येत नसलं तरी बिघडत नाही. संध्याकाळी पंधरा मिनिटं पुस्तक तुमच्या हातात घ्या, मुलाला किंवा मुलीला समोर बसवा आणि एक अभिक्रिया समजावून सांगायला सांगा. प्रत्येक वाक्यानंतर 'का?' एवढंच विचारा. अडलं तर रागावू नका, तिथे पेन्सिलीने खूण करा. ती खूण म्हणजे उद्याचा अभ्यास.