वारीच्या वाटेवरचा कोल्हापूरचा मुक्काम

आमच्या भुदरगड तालुक्यातून आषाढीला पायी निघणाऱ्या दिंडीची वाट ठरलेली आहे. गारगोटी, मुदाळतिट्टा, बिद्री, इस्पुर्ली करीत कळंब्याच्या तलावावरून कोल्हापुरात शिरायचे. तिथून हातकणंगले, जयसिंगपूर, मिरज, कवठेमहांकाळ, नागज, जुनोनी, सांगोला या वाटेने पंढरपूर गाठायचे. कोल्हापूरपासून पुढचा टप्पाच १८० किलोमीटरच्या आसपास भरतो. २०२४ साली आषाढी एकादशी १७ जुलैला होती. धूळवाफेचा भात उगवून वर आला होता, रोपलावणीला अजून थोडा अवकाश होता, म्हणून मीही रजा टाकून दिंडीबरोबर निघालो. शेतकऱ्यांच्या बांधावर तीस वर्षे फिरलो असल्याने चालण्याची भीती नव्हती. भीती वाटायला हवी होती ती माझ्याच एका सल्ल्याची, पण ते नंतर कळले.

कोल्हापूर म्हटले की पाहुण्यांना अंबाबाई, रंकाळा आणि तांबडा-पांढरा रस्सा आठवतो. चालत आलेल्या माणसाला मात्र हे गाव वेगळेच दिसते. त्याला चांभार हवा असतो, औषधांचे दुकान हवे असते, छत्रीची तुटलेली काडी बसवून देणारा हवा असतो. आमच्या दिंडीचा तिथे दीड दिवसाचा मुक्काम असतो. त्यातले अंबाबाईचे दर्शन सोडले तर बाकीचा सगळा वेळ दुरुस्तीतच जातो.

हा मुक्काम नेमका इथेच का, याचे उत्तर पावसात आहे. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कोल्हापूर शहरात तो हजाराच्या आसपास येतो, शिरोळला पाच-सहाशेच्या घरात, आणि सांगोल्याला त्याहूनही कमी. म्हणजे दिंडी निघते ती चिखल तुडवत, आणि पोचते ती धुळीतून. पहिले तीन दिवस इरले, खोळ आणि घोंगडे यांच्यावाचून पाऊल टाकवत नाही. मिरजेच्या पुढे तेच सामान मानेवरचे ओझे होते आणि पाण्याची बाटली व डोक्याला टॉवेल लागतो. हा बदल करायला कोल्हापूरसारखी दुसरी जागा नाही. इथून गारगोटीची एसटी मिळते, गावचे कोणी ना कोणी बाजाराला आलेले असते, त्यांच्याबरोबर इरली परत पाठवता येतात. घोंगडे मात्र कोणी परत पाठवत नाही. चिंचोक्याची खळ दिलेले नवे घोंगडे पहिल्या पावसात जड होते खरे, पण रात्री शाळेच्या फरशीवर अंग टाकले की त्याची किंमत कळते.

खोळीविषयी एक गोष्ट सांगतो. खताच्या पोत्याच्या आतली प्लास्टिकची पिशवी स्वच्छ धुऊन कपड्यांच्या बोचक्यात घातली तर कपडे कोरडे राहतात. यासाठी दुकानात पैसे घालवण्याची गरज नाही. परंतु कीटकनाशकाचे खोके किंवा औषध लावलेल्या बियाण्याची पिशवी कितीही धुतली तरी वापरू नये. आमच्या दिंडीत एकाने तशी पिशवी भाकरीला वापरलेली पाहून मी ती भाकरीसकट टाकायला लावली. तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

आता त्या सल्ल्याची गोष्ट. निघण्याआधीच्या बैठकीत मी सर्वांना सांगितले होते, कातड्याच्या वहाणा घरी ठेवा, प्लास्टिकचे सँडल घ्या. पावसात कातडे भिजते, फुगते, शिवण सैल होते, हे खरेच आहे. कोल्हापुरी चप्पल ही कोरड्या वाटेची. हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावलेले ते कातडे, खिळा न वापरता कातड्याच्याच वादीने शिवलेले. उन्हात ती वर्षानुवर्षे साथ देते आणि चार दिवस चिखलात बुडवली की तिचा जीव जातो. माझे म्हणणे चूक नव्हते, अपुरे होते. नवे सँडल निदान महिनाभर आधी शेतात घालून पाय सरावू द्या, हे मी सांगितले नाही. आणि कोणाला साखरेचा आजार आहे, हेही विचारले नाही.

कोल्हापुरात आम्ही दुपारी पोचलो. एका शाळेच्या व्हरांड्यात उतरलो होतो. बायका नळावर पाय धूत होत्या. थोरल्या आक्का पाय धुऊन आत आल्या आणि फरशीवर त्यांच्या ओल्या पावलाबरोबर एक तांबूस ठिपका उमटत गेला. आधी कुंकू सांडले असे मला वाटले.

"आक्का, पायाला काय लागलं?"

"कुठं काय? कायबी न्हाई."

खाली बसवून पाऊल उलटे करून पाहिले. करंगळीच्या बाजूला, सँडलचा पट्टा तळव्याला मिळतो तिथे, रुपयाएवढी जागा सोलली होती. फोड आला होता, फुटला होता, त्यात चिखल गेला होता. एवढ्या जखमेने मी बिद्रीतच बसलो असतो.

"दुखत नाही?"

"दुखलं असतं तर सांगितलं नसतं व्हय, सायेब?"

हे वाक्य मी विसरलेलो नाही. आक्कांना नऊ वर्षे साखरेचा आजार होता. हा आजार जुना झाला की पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. खडा टोचला, चप्पल चावली, तरी कळत नाही. ज्याला दुखते तो थांबतो, ज्याला दुखत नाही तो तसाच चालत राहतो. जखम भरायला आधीच वेळ लागतो, वर चिखलपाणी. आमच्याकडे भाताच्या चिखलातून लेप्टोचाही धोका असतो, तो वेगळाच.

दिंडीची कामे वाटून दिली होती, ती तशीच चालू ठेवायला सांगून मी आणि आक्कांची सून त्यांना रिक्षाने सीपीआरला, म्हणजे आमच्या खेड्यातल्या भाषेत थोरल्या दवाखान्यात, घेऊन गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीण बाईंनी जखम धुतली, मेलेली कातडी काढली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, साखर तपासली. ती बरीच वाढलेली होती. गोळ्या वेळेवर घेता का, असे विचारल्यावर आक्का गप्प. गोळ्या बोचक्यात होत्या आणि बोचके टेम्पोत तळाला होते. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले, जखम अजून वरवरची आहे, हाडापर्यंत गेलेली नाही. पण ह्या पायावर दहा दिवस भार नको. चालल्या तर पाऊल गमवायची वेळ येऊ शकते.

आक्कांनी ऐकलेच होते. गळ्यात मालकांचे टाळ होते. मालकांनी सलग वीस-बावीस वाऱ्या केल्या होत्या, ते जाऊन दोन वर्षे झाली होती आणि त्यांची वारी आक्कांनी पुढे चालवली होती. "मग मी म्हागारी जाऊ?" एवढेच त्या म्हणाल्या. मला उत्तर सुचले नाही. मी बी.एस्सी. अ‍ॅग्रिकल्चर झालेला माणूस, पिकाच्या मुळाचे रोग सांगू शकतो.

दिवेलागणीला शाळेत परत आलो तेव्हा बाकीची मंडळीही बाजारातून येत होती. मृदंगाचे काम झाले होते. तीन दिवसांच्या ओलीने उजवी पुडी इतकी उतरली होती की गठ्ठे ठोकून ठोकून वाद्या तुटायला आल्या, तरी आवाज चढेना. कारागिराने नवी पुडी बसवून दिली आणि बजावले की मुक्कामाला मृदंग भिंतीला लावून ठेवू नका, भिंत ओल सोडते. विण्याची तार गंजली होती, तीही बदलली. मिरजेला वाद्यांची मोठी पेठ आहे, तिथल्या तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूरच्या बाजूचे शेतकरी पिकवतात. पण मिरजेपर्यंत तीन दिवस मुक्या मृदंगाने चालायचे कसे?

एक काम मी स्वतःकडे ठेवले होते, ते रात्री उशिरा केले. उसाच्या ट्रॉलीला मागे लावायची चमकणारी लाल पट्टी असते, ती ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानातून दहा मीटर घेतली आणि बॅटरीवर लुकलुकणारे दोन तांबडे दिवे घेतले. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी, कार्तिकीला निघालेल्या करवीर तालुक्यातल्या जठारवाडीच्या दिंडीत जुनोनीजवळ मोटार घुसली आणि सात वारकरी गेले. ती वाट आमचीही आहे. तेव्हापासून सामानाच्या यादीत पहिले नाव लाल पट्टीचे असते. शेवटच्या रांगेतल्या चौघांच्या पाठीवर ती शिवायची, दिवा मागच्या पताकेला बांधायचा आणि अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा. ट्रॉलीला आपण पट्टी लावतो, तर माणसाला लावायला लाज कसली?

जेवणे झाल्यावर आक्कांचा विषय निघाला. विणेकरी बुवा म्हणाले, सामानाच्या टेम्पोत बसवू. आक्का उसळल्या. "टेम्पोत बसून गेलेली वारी कसली वो?"

बुवा शांत माणूस. म्हणाले, "आक्का, आपलं तांदूळ, भांडी टेम्पोतनंच जात्यात. त्येंच्याबिगर हुती का वारी?"

आक्का बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तर मग शिधा माझ्या हवाली करा. त्यो पोरगा मापाबिगर तांदूळ काढतोय, तीन दिस बघतोय मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहाणेच्या कामाला निघालो. डॉक्टरीण बाईंनी मऊ रबराची, एमसीआर म्हणतात ती चप्पल लिहून दिली होती. ती दुकानात मिळाली, पण पायाला पट्टी बांधलेली असल्याने वरचे पट्टे पुरेनात. तेव्हा अंबाबाईच्या देवळापासून जवळच असलेल्या चप्पल लाइनीत गेलो. मांडलेल्या वेण्या-गोंड्यांच्या जोडांत मला रस नव्हता, मला दुरुस्तीला बसणारा माणूस हवा होता. दोघा दुकानदारांनी, रबराचे काम आम्ही करत नाही, म्हणून सांगितले. तिसऱ्याने सुभाषनगरच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे पाठवले.

त्यांनी आधी आक्कांचा जुना सँडल मागितला. आत अंगठा फिरवला आणि एका जागी थांबवला. "हितं बघा." साच्यातून निघताना राहिलेली प्लास्टिकची बारीक कड तिथे होती. बोटाला लागते न लागते अशी. त्या कडेने तीन दिवसांत काय केले ते मी पाहिले होते. त्यांनी नव्या चपलेचे पट्टे सोडवून लांब केले, बक्कल काढून चिकटपट्टी शिवली, आतून मेंढीच्या मऊ कातड्याचे अस्तर दिले आणि टाच सरकू नये म्हणून मागे एक पट्टा जोडला. तासभर लागला. पन्नास रुपये घेतले. मी शंभर पुढे केले तर म्हणाले, "पन्नासचंच काम हाय."

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या प्रादा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तसल्याच चपला मांडल्या आणि त्या कुठल्या याचा उल्लेख केला नाही म्हणून गदारोळ झाला. पुढे कंपनीने ते मान्य केले. ती बातमी वाचताना मला त्या म्हाताऱ्या कारागिराचा अंगठा आठवला. त्याचे मानांकन कोण करणार?

उरलेल्या वेळात पंचवीस-तीस इरली दोरीने बांधून गारगोटीच्या एसटीने पाठवली, रक्तदाबाच्या संपत आलेल्या गोळ्या चौघांसाठी घेतल्या, सुती मोज्यांचे दोन डझन जोड घेतले. मोज्यांवरून तरुणांनी माझी थट्टा केली. मिरजेपर्यंत सगळ्यांच्या पायांत मोजे होते. रोज मुक्कामाला पोचल्यावर मी एकच नेम ठेवला. साखरेच्या सहाही रोग्यांचे तळवे बॅटरीच्या उजेडात स्वतः बघायचे. त्यांना "दुखतंय का?" असे विचारायचे नाही. फोड दिसला तर फोडायचा नाही, कोरडा ठेवून स्वच्छ पट्टी बांधायची. गरम पाण्यात पाय शेकायला बसणाऱ्यांना उठवायचे, कारण पाण्याचा चटकाही त्यांना कळत नाही.

हातकणंगल्याच्या पुढे पाऊस विरळ झाला. जयसिंगपूर सोडताना ऊन पडले. नागजच्या माळावर वारा आणि धूळ. टेम्पो आम्हाला मागे टाकून जाई तेव्हा आक्का पुढच्या बाकावरून टाळ वाजवत असत, पाय शिध्याच्या पोत्यावर उंच ठेवलेला. वाटेतल्या सरकारी दवाखान्यांत एक दिवसाआड पट्टी बदलली. पंढरपुरात शेवटची पट्टी सोडली तेव्हा जखम निम्म्याहून अधिक भरली होती आणि कडा गुलाबी दिसत होत्या. चंद्रभागेत त्यांना उतरू दिले नाही. सुनेने तांब्या भरून आणला, तो त्यांनी वाळवंटात खुर्चीवर बसून डोक्यावर घेतला.

परतताना शिध्याचा हिशेब झाला. एरवी सांगोल्यातच तांदूळ संपून पुन्हा विकत घ्यावा लागतो. यंदा अकरा किलो उरला होता.