महाबळेश्वर : चणे, चपला आणि कृष्णेचं पाणी

आमच्या लातूर-नांदेडकडे नुसती थंड हवा खायला कोणी जात नाही. प्रवास म्हणजे लग्न, मय्यत, दवाखाना, फार तर गुलबर्ग्याचा उरूस. म्हणून गेल्या जानेवारीत धाकट्या बहिणीने "शनिवार-रविवार महाबळेश्वर करू या, खरेदीही होईल" असा विषय काढला, तेव्हा मी तो उडवून लावला. होकार दिला तो अम्मीने. वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही गुडघे धरलेले. तिने एवढंच विचारलं, "वो पानी वहाँच से आता ना?"

ते पाणी म्हणजे २०१६ चं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. टाक्यांपाशी हाणामाऱ्या नकोत म्हणून लातुरात जमावबंदी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. १० वाघिणी, ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी येऊ लागली, एका खेपेला २५ लाख लिटर. मिरजेला ते पाणी कृष्णेतून उचललेलं असे. त्याच मे महिन्यात अब्बांचं इंतकाल झालं. मय्यतीच्या गुसलला घरात दोनच घागरी होत्या. शेजारच्या काकूंनी न विचारता आपला भरलेला ड्रम आमच्या दारात आणून ठेवला. रेल्वेचंच पाणी ते, टँकरमधून वाटलेलं. काकूंच्या घरी त्यानंतर दोन दिवस काय झालं असेल, हे विचारायची हिंमत मला आजवर झाली नाही.

शुक्रवारी रात्री भाड्याची गाडी करून निघालो. बार्शी, टेंभुर्णी, अकलूज, फलटण करीत सकाळी वाई गाठली. खरी परीक्षा पसरणी घाटात. पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग हलेना. ज्यांना जमेल त्यांनी सोमवार-मंगळवार गाठावा, हा माझा सल्ला. आम्हा शाळावाल्यांना मात्र रविवारशिवाय गत नाही.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच. इंग्रज गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८-२९ च्या सुमारास इथलं ठाणं वसवलं, म्हणून बाजारपेठेच्या भागाला माल्कमपेठ नाव पडलं. आज इथे येणाऱ्यांपैकी निम्मे तरी बाजारासाठीच येत असावेत, असं मला वाटलं. चामड्याच्या चपला, पट्टे, पर्सा, मध, जांभळाचं सरबत, लांबसडक लाल गाजरं आणि चणे. चण्यांच्या चवी किती! लसूण, पुदिना, चीज, आणखी कायकाय. दुकानदार मूठभर हातावर ठेवतो आणि आपण लाजेखातर पाव किलो घेतो. बहिणीने चपलांच्या एका दुकानात पाऊण तास घासाघीस केली. मी तोवर बाजारालगतच्या मशिदीपाशी अम्मीला ऊन खात बसवलं. स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ती रस्त्याकडेच्या शेतकऱ्याकडून घ्यावी, ताजी असते. जेलीच्या रंगीत गोळ्या घेताना वेष्टन जरूर वाचा. पेक्टिन असेल तर प्रश्न नाही, जिलेटिन असेल तर ते कशापासून केलं हे विचारा. माझ्या भाच्याने तीन डबे उचलले होते, त्यातले दोन परत ठेवायला लावले. तो रुसला.

अम्मीने काहीच घेतलं नाही. स्वेटर दाखवला, "कायकू?" पर्स दाखवली, "उसमें क्या रखू?"

उतरलो त्या लॉजच्या न्हाणीघरात पाटी होती : पाणी जपून वापरा. लातूरला वर्षात सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, इथे पाच हजारांहून जास्त, आणि पाटी तीच! सगळं पाणी उतारावरून वाहून जातं. गावाची भिस्त वेण्णा तलावावर, जो साताऱ्याच्या राजांनी १८४२ मध्ये बांधवला. अम्मी ती पाटी वाचून मोठ्याने हसली. लातूर सोडल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी केट्स पॉइंटला गेलो. चालणं थोडंच आहे, तरी अम्मीला दोनदा बसावं लागलं. कठड्याशी पोचल्यावर खाली कृष्णेचं खोरं उघडतं. बलकवडी आणि धोम या धरणांचं निळं पाणी दिसतं. मी बोट दाखवून शिक्षकी थाटात सांगत सुटले : कृष्णा इथल्याच क्षेत्र महाबळेश्वरला उगम पावते, तिला माहुलीला वेण्णा मिळते, कऱ्हाडला कोयना, मग सांगली, मग मिरज. अम्मी ऐकत नव्हती.

"ये वहीच है क्या गे?"

"वहीच, अम्मी."

तिने पदर डोक्यावर नीट घेतला आणि हात उचलून दुआ मागितली. फार वेळ. पाठीमागे लोक फोटोसाठी जागेची वाट पाहत होते. एका मुलीने आपल्या माणसांना हाताने थोपवून धरलं.

परतीला वाईच्या अलीकडे नदीकाठी गाडी थांबवायला लावली. असरची वेळ झाली होती. मी बाटली भरून दिली. सगळी नदी समोर वाहत असताना अम्मीने अर्ध्या बाटलीत वुजू उरकला आणि उरलेली अर्धी टोपण लावून चपलांच्या पिशवीत ठेवली.

लातूरला पोचल्यावर सगळ्यात आधी चणे घेऊन काकूंकडे गेली. बाटलीही बरोबर नेली होती.