भुईछत्री खुडू नका, बुडापासून उकरा



झड उघडली अन् पिशोर शिवारात बांधावर, वारुळावर, उकिरड्याकडेला भुईछत्र्या निघाल्या. काल आद्रकीत निंदायला आलेल्या बायांनी पदरभर खुडून आणल्या. "भाऊ, या खायच्या का हो?" बघतो तर नुसत्या टोप्या, दांडे रानातच राहिलेले. मी म्हणालो, यावरून मी काही सांगणार नाही. अर्धी ओळख मातीत राहिली.

वारुळावरची खायची भुईछत्री, जिला शास्त्रात टर्मिटोमायसेस म्हणतात, ती उधईची शेती आहे. उधई वारुळात पाल्यापाचोळ्याचा चोथा करून त्यावर बुरशी वाढवते. ती बुरशीच पावसात वर येते. म्हणून खुरप्यानं उकरलं की दांडा मुळीसारखा लांब, थेट उधईच्या घरापर्यंत गेलेला दिसतो. टोपीच्या मध्यावर टोक असतं. खालचे पडदे आधी पांढरे, मग गुलाबीसर होतात.

जीवघेण्या अमानिटाच्या बुडाला वाटीसारखी पिशवी असते अन् दांड्यावर बहुतेक वेळा कडं. ही पिशवी मातीतच असते, वरून खुडली की दिसत नाही. गवतात, उकिरड्याजवळ येणारी मोठी पांढरी, तपकिरी खवल्यांची आणखी एक असते. तिचे पडदे जून झाल्यावर हिरवट पडतात. खाल्ली की काही तासांत उलट्या-जुलाब.

एका खुणेवर मात्र भरवसा नको. कडं काही खायच्या जातींनाही असतं. टोपी पडदे खाली करून कागदावर ठेवा, वर वाटी झाका. सकाळी भुकटी पडलेली दिसेल: वारुळावरचीची गुलाबीसर, अमानिटाची पांढरी, त्या खवल्यावालीची हिरवट.

चांदीचा रुपया काळा पडतो, लसूण रंग बदलतो, किड्यानं खाल्लं म्हणजे चांगलं, हे सगळं खोटं. अमानिटाचं विष उकळून, वाळवूनही जात नाही. त्रास 6 ते 24 तासांनी सुरू होतो. मग दिवसभर बरं वाटतं, अन् आत यकृत निकामी होत असतं. 2022 च्या एप्रिलमध्ये आसामात रानभुईछत्र्या खाऊन 13 माणसं गेली. म्हणून उलटी थांबली तरी घरी बसू नका, दवाखाना गाठा. उरलेली भुईछत्री सोबत न्या.

आणखी एक, आपल्या शेतकऱ्यांसाठी. ज्या वारुळात उधईसाठी क्लोरपायरीफॉस ओतलं, तिथली भुईछत्री ओळखीची असली तरी खाऊ नका. औषध मारलेल्या बांधाचंही तेच. मजुरांना हे आधी सांगा, त्यांना आपली फवारणी माहीत नसते.

फोटो पाठवून "खाऊ का" विचारू नका. फोटोत बूड दिसत नाही, भुकटीही दिसत नाही. शंका आली तर ती भुईछत्री रानातच राहू द्या.