मतपत्रिकेची मागची बाजू

अकरा विरुद्ध दहा. एवढा आकडा ज्याला उमगला त्याला ओकलंड काउंटीचं राजकारण निम्मं समजलं. जालना जिल्ह्यातल्या माणसाला तर ते समजायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

काउंटी म्हणजे इथला जिल्हा. मिशिगन राज्यात असे ८३ जिल्हे आहेत. डेट्रॉईटच्या उत्तरेला लागून ओकलंड काउंटी, आणि तिच्यात आमचं ट्रॉय शहर. काउंटीचा कार्यकारी प्रमुख थेट लोकांतून निवडून येतो आणि त्याच्या जोडीला कमिशनरांचं मंडळ असतं, आपल्या जिल्हा परिषदेसारखं. ब्रुक्स पॅटरसन हे रिपब्लिकन पक्षाचे गृहस्थ १९९३ पासून प्रमुख होते. ऑगस्ट २०१९ मध्ये पदावर असतानाच ते वारले. उरलेल्या मुदतीसाठी नेमणूक मंडळानं करायची होती, आणि २१ जणांच्या मंडळात नुकतंच डेमोक्रॅट पक्षाचं बहुमत झालेलं होतं. अकरा विरुद्ध दहा. मंडळाचे अध्यक्ष डेव्ह वुडवर्ड यांनी त्या खुर्चीसाठी इच्छुक म्हणून कमिशनरपदाचा राजीनामा दिला, आणि एका सकाळीच मंडळ दहा-दहावर आलं! पुढचे काही दिवस नुसती धावपळ. मग वुडवर्डांनी राजीनामा मागे घेतला, विरोधक कोर्टात गेले, आणि शेवटी फर्नडेल गावचे महापौर डेव्ह कूल्टर यांची नेमणूक झाली. ते पुढे २०२० आणि २०२४ मध्ये लोकांतूनही निवडून आले.

हे सगळं मी फोनवर माझ्या वडिलांना, अण्णांना, सांगत होते. अण्णा अंकुशनगरला. मी कूल्टरांपर्यंत पोचायच्या आतच त्यांनी मला अडवलं. "बाई, राजीनामा मंजूर झाल्ता का?"

कोर्टातला वाद नेमका त्याच मुद्द्यावर होता, एकदा दिलेला राजीनामा मागे घेता येतो की नाही. अमेरिकेत कधी पाऊल न टाकलेल्या माणसानं हा प्रश्न पहिल्या झटक्यात विचारला, याचं मला जराही आश्चर्य वाटलं नाही. अंकुशनगरमध्ये माणसं अशीच तयार होतात.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. अंकुशनगर ही अंबड तालुक्यातल्या महाकाळा गावाजवळची साखर कारखान्याची वसाहत. समर्थ सहकारी साखर कारखाना अंकुशराव टोपे यांनी उभा केला. १९९१ मध्ये ते जालन्याचे खासदार झाले. आता कारखान्याला आणि वसाहतीलाही त्यांचंच नाव आहे. 'समर्थ' हे नाव शेजारच्या घनसावंगी तालुक्यातल्या जांबच्या समर्थ रामदासांचं. अण्णा कारखान्याच्या शेतकी विभागात चिटबॉय होते. कुणाच्या रानात को ८६०३२ ची लागण कधीची, कुणाचा खोडवा, तोडणीची चिठ्ठी कुणाला कधी द्यायची, हे त्यांच्या वहीत असायचं. त्या वहीमुळे गावोगावचे सभासद त्यांना तोंडपाठ. संचालक मंडळाची निवडणूक लागली की संध्याकाळी आमच्या ओट्यावर गर्दी जमे. अर्ज कुणी भरला, छाननीत कुणाचा उडाला, माघारीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत कोण कुणाच्या गाडीत बसून होतं, मयत सभासदांची वारसनोंद झाली की नाही, कपबशी कुणाला मिळाली नि छत्री कुणाला. अण्णा बोलायचे कमी, ऐकायचे फार. पण एखाद्या गावातून पॅनलला किती मतं पडतील ते विचारलं, तर त्यांनी सांगितलेला आकडा फारसा हलत नसे.

आमच्याकडे निवडणूक जितकी लहान तितका तिचा जोर मोठा. गावातल्या सोसायटीच्या मतदानाला म्हातारीला बाजेवर घालून आणतात. ग्रामपंचायतीला ऐंशी टक्क्यांच्या पुढे मतदान सहज होतं, तर २०२४ च्या लोकसभेला सबंध महाराष्ट्रात ते एकसष्टच्या आसपास थांबलं. एकेका मताची किंमत आम्हाला पाठ्यपुस्तकातून शिकावी लागली नाही. घनसावंगी मतदारसंघात २०१९ आणि २०२४ ला राजेश टोपे आणि हिकमत उढाण समोरासमोर होते. पहिल्यांदा टोपे जिंकले, दुसऱ्यांदा उढाण, आणि दोन्ही वेळचं अंतर चार हजारांच्या आत होतं. इतक्या मोठ्या मतदारसंघात चार हजार म्हणजे दोन-तीन गावांचा कल.

इथे नेमकं उलटं आहे, आणि मला जे सांगायचंय ते हेच.

मिशिगनची मतपत्रिका कागदी असते. लांबलचक, दोन्ही बाजूंनी छापलेली. पेनानं लंबगोल भरायचे आणि कागद यंत्रात सरकवायचा. वर राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, काँग्रेसचा सदस्य. तिथपर्यंत सगळ्यांचा हात भराभर चालतो. त्याखाली मात्र असं काही सुरू होतं की पहिल्यांदा वाचताना मी थक्क झाले होते. काउंटीचा शेरीफ, म्हणजे आपला एसपी, लोकांनी निवडायचा. सरकारी वकील लोकांनी निवडायचा. खजिनदार, दस्तनोंदणीचं काम बघणारा क्लार्क, सगळे मतानं. मिशिगन विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे सदस्यसुद्धा सबंध राज्याच्या मतदानानं निवडून येतात. कागद उलटला की न्यायाधीश, शाळा मंडळ, आणि शेवटी करांचे ठराव.

बरेच जण कागद उलटत नाहीत. आमच्या मराठी घरांमध्येही हे चालतं, आणि ते मला खुपतं. वॉशिंग्टनमधल्या घडामोडींवर तासभर तावातावानं बोलणारा माणूस आपल्याच मुलांच्या शाळा मंडळाची जागा कोरी सोडून येतो. मुलाची शाळा किती वाजता भरणार, कुठली शाळा बंद होणार, घरपट्टीतले पैसे कुठे जाणार, हे ठरतं त्या मागच्या बाजूला. वरच्या ओळीत आपलं मत लाखांत एक असतं. खाली ते काही हजारांत एक असतं.

शेरीफचीच गोष्ट घ्या. २०२४ ला ओकलंड काउंटीनं राष्ट्राध्यक्षपदासाठी कमला हॅरिस यांना कौल दिला. काउंटीतली प्रमुख, सरकारी वकील, क्लार्क, खजिनदार ही पदंही डेमोक्रॅटांना दिली. आणि त्याच कागदावर, त्याच पेनानं, १९९९ पासून शेरीफ असलेले रिपब्लिकन माइक बुशार्ड यांना पुन्हा निवडून दिलं. मिशिगनमध्ये एकच लंबगोल भरून सबंध पक्षाला मत देता येतं, तरीही एवढ्या लोकांनी ओळ न् ओळ वाचून पेन फिरवलं. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "क्रॉस व्होटिंग! मानूस बघून टाकलं म्हना की." त्यांना ते फार आवडलं. कारखान्याच्या निवडणुकीत दोन्ही पॅनलांची माणसं निवडून शिक्के मारणारे सभासद त्यांच्या लेखी सगळ्यात हुशार.

आणखी एक पद आहे, त्यावर आमच्या घरी सगळ्यात जास्त बोलणं होतं. जलसंपदा आयुक्त. मिशिगनच्या बहुतेक काउंट्यांत या पदाला अजूनही ड्रेन कमिशनर म्हणतात. गटारं, नाले, सांडपाणी हे त्याचं काम, आणि ओकलंडमध्ये अनेक तळ्यांची पाणीपातळीही त्याच्या कचेरीकडे आहे. तळ्याकाठी ज्यांची घरं त्यांच्यासाठी हा मोठा माणूस. जिम नॅश २०१२ पासून या पदावर निवडून येताहेत. अण्णांनी आधी विचारलं, "पानी सोडायचा अधिकार त्याला हाय का?" थोडाफार आहे म्हटल्यावर ते गप्प झाले. मग म्हणाले, "आन् त्याला लोकं निवडत्यात?" आमच्या भागातला ऊस पैठणच्या डाव्या कालव्यावर पोसलेला. तो २०८ किलोमीटरचा कालवा जायकवाडीतून निघतो आणि आमचा सगळा पट्टा भिजवत पुढे जातो. आवर्तन कधी सुटणार, टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचणार का, यासाठी निवेदनं, मोर्चे, उपोषणं बघत आम्ही वाढलो. पाणी सांभाळणाऱ्या माणसाला दर चार वर्षांनी आपल्या दारात येऊन मत मागावं लागतं, ही गोष्ट अण्णांनी त्या आठवड्यात पारावर किती जणांना सांगितली असेल, कुणास ठाऊक.

उलट बाजूही त्यांना सांगावी लागते. जालना जिल्हा परिषदेची निवडणूक २०१७ च्या फेब्रुवारीत झाली, २०२२ मध्ये मुदत संपली आणि पुढे प्रशासक बसले. चार वर्षांनी निवडणूक ठरल्या दिवशी होणारच, हे इथे सगळे गृहीत धरतात. अण्णा ते गृहीत धरत नाहीत. ओट्यावरच्या गप्पांना विषयच उरला नव्हता, याची खंत ते बोलून दाखवतात.

करांच्या ठरावांचं तर वेगळंच आहे. इथे सार्वजनिक वाचनालयासाठी, बससाठी, प्राणिसंग्रहालयासाठी घरपट्टीत किती भर टाकायची, ते थेट मतदारांना विचारतात. त्याचं माप मिल. घराच्या करपात्र किमतीत हजार डॉलरमागे एक डॉलर म्हणजे एक मिल. २०१२ ला वेन, ओकलंड आणि मॅकोम या तीन काउंट्यांनी डेट्रॉईटच्या कलासंग्रहालयासाठी दहा वर्षं ०.२ मिल द्यायचं मान्य केलं. तेव्हापासून या तीन काउंट्यांतल्या रहिवाशांना तिथे प्रवेश मोफत आहे. दिएगो रिव्हेराची कारखान्यातल्या कामगारांची प्रचंड भित्तिचित्रं तिथे आहेत. बॉयलर, घामेजलेली माणसं, यंत्रांची रांग. साखर कारखान्याच्या सावलीत वाढलेल्या कुणालाही ती एकदा दाखवलीच पाहिजेत.

पण खरी रंगत आणली ती आमच्या ट्रॉयच्या वाचनालयानं. १९७१ मध्ये हे वाचनालय नव्यानं सुरू झालं, तेव्हा तिथल्या ग्रंथपाल मार्गरीट हार्ट यांनी जगभरच्या नामवंतांना पत्रं लिहिली होती. ट्रॉयच्या मुलांना वाचनाबद्दल दोन शब्द लिहा, एवढीच विनंती. आयझॅक असिमोव्ह, ई. बी. व्हाइट यांच्यासकट ९७ जणांनी उत्तरं धाडली. तेच वाचनालय मंदीनंतर पैशाअभावी बंद पडायला आलं. २०१० मध्ये त्याच्यासाठी मांडलेले ठराव मतदारांनी फेटाळले. मग २ ऑगस्ट २०११ ला पुन्हा मतदान ठरलं, पाच वर्षांसाठी ०.७ मिल. ऐन उन्हाळ्यात, सुट्टीच्या दिवसांत कोण येणार मतदानाला? आणि 'कर नको' म्हणणारे चांगले संघटित.

तेवढ्यात अंगणाअंगणांत पाट्या उगवल्या. वाचनालय बंद करायला मत द्या, आणि ५ ऑगस्टला पुस्तकं जाळायच्या मेजवानीला या! मी तेव्हा ग्रीन कार्डावर होते, मताचा अधिकार नव्हता, पण ऑफिसला जाताना ती पाटी वाचून गाडी हळू झाली ती झालीच. गावभर संताप उसळला. पुस्तकं जाळता? कोण हे लोक? करावरची चर्चा पार मागे पडली आणि जो तो पुस्तकांबद्दल बोलायला लागला. मतदानाच्या थोडं आधी उलगडा झाला. पाट्या वाचनालयाच्या बाजूच्यांनीच लावल्या होत्या, एका जाहिरात कंपनीच्या मदतीनं. ठराव ५८ टक्के मतांनी मंजूर झाला. काहींना ती युक्ती अजूनही पटत नाही. मला पटते. कागद न उलटणाऱ्या गावाला त्यांनी कागद उलटायला लावला, आणि माझी मुलगी त्याच वाचनालयात वाचायला शिकली.

आपली माणसं आता इथे मतदार म्हणून थांबत नाहीत, उमेदवारही होतात. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ ला गव्हर्नरपदाच्या प्राथमिक फेरीत तिसरे आले, २०२२ ला डेट्रॉईटमधून काँग्रेसवर गेले. आमच्या ट्रॉयमधून पद्मा कुप्पा २०१८ ला राज्याच्या विधानसभेवर निवडून आल्या. ठाणेदारांवर बोलायला लागलं की मराठी सहलीत जेवण थंड होतं. पण मला त्यांच्याहून जास्त कौतुक खालच्या फळीतल्यांचं वाटतं, नगरपालिकेच्या एखाद्या समितीवर संध्याकाळी तीन-तीन तास बसणाऱ्यांचं.

आमच्या गल्लीतली एक मैत्रीण यंदा शाळा मंडळाला उभं राहायचं म्हणतेय. मूळची साताऱ्याची, लेखापाल, आकड्यांना पक्की. अर्जासोबत ४० मतदारांच्या सह्या जोडायच्या किंवा शंभर डॉलर भरायचे, असा नियम आहे. तिचा नवरा म्हणाला, शंभर डॉलर भर आणि मोकळी हो. मी अण्णांना विचारलं.

"पैशे कशाला भरायचे? घरोघर जा म्हनावं. सही दिली म्हंजे अर्धं मत दिलं. आन् ४० लागत्यात तर ६० घ्या, छाननीत उडत्यात."

सह्या उडतात हे खरंच आहे. मतदारयादीत नाव नसलेल्याची, नाहीतर दुसऱ्या शाळा-हद्दीत राहणाऱ्याची सही बाद होते. म्हणून आम्ही यादी आधीच काढून घेतली आहे. मैत्रिणीच्या जेवणाच्या टेबलावर गल्लीचा नकाशा पसरलाय. दार कुठलं उघडेल, कुठे कुत्रा आहे, कोण शनिवारी मुलांच्या फुटबॉलला जातं, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. मतं फुटली तर काय, यावर काल रात्री बराच वेळ गेला. समान मतं पडली तर मिशिगनमध्येही चिठ्ठीच काढतात. 'निवडून आला' आणि 'निवडून आला नाही' अशा दोन घड्या डब्यात टाकायच्या आणि उमेदवारांनीच हात घालायचा. हे अण्णांना मुळीच पसंत नाही. उमेदवाराचा हात कापतो, चिठ्ठी लेकराच्याच हातानं काढावी, असं त्यांचं ठाम मत आहे. मैत्रिणीनं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, तिथपर्यंत वेळच येऊ द्यायची नाही. शनिवारी नऊ वाजता निघायचं, आधी पूर्वेकडची घरं.